रविवारचा खड्डा

आमचं घर म्हणजे तेव्हा नुसता एक खड्डा होता, आणि दर रविवारी आम्ही डबा बांधून तो खड्डा बघायला जायचो. हसू नका, खरंच सांगते. त्या दिवसांत दिल्लीतली अर्धी सरकारी माणसं हेच करायची. नोएडात, गुडगावात, जिथे बघाल तिथे नव्या सोसायट्यांचे बोर्ड लागले होते. बोर्डावर निळाशार स्विमिंग पूल, त्याच्या काठाला एक गोरीपान बाई, आणि बोर्डाच्या मागे खड्डा. लोक इस्त्रीचे कपडे घालून, पोरंबाळं घेऊन, पुऱ्या-भाजी बांधून यायचे आणि काठावर उभे राहून हवेत बोटं दाखवायचे. बाबा तर आभाळातच बोट रोवायचे. "ती घार फिरून राहिली ना, तिच्या थोडं खाली. तिथं आपलं किचन." आई डोळ्यांवर हात धरून खरंच बघायची. "ओटा कोणत्या बाजूला येईल?" "घारीच्या डाव्या पंखाकडे." "मग सकाळचं ऊन येईल का?" "येईल ना, बिल्कुल येईल." एवढ्यात घार भलतीकडे निघून जायची आणि आई म्हणायची, "गेलं बाप्पा किचन."

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मूळचे अकोल्याकडचे, घराण्यातले पहिले शिकलेले, पहिले पँट घालून ऑफिसला जाणारे. आम्ही साउथ दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे आंगण, आंगणात कडुनिंब, आणि भिंतीपलीकडे दिवसभर बसचे हॉर्न. क्वार्टर म्हणजे रिटायर झालं की चावी परत. त्याची बाबांना फार धास्ती. कुठलाही सरकारी कागद भरताना 'सध्याचा पत्ता' झरझर लिहायचे आणि 'कायमचा पत्ता' आला की पेन थांबायचं. गावाकडे काय होतं, भावकीतली एक पडवी. त्यांचं स्वप्न अगदी साधं होतं, यार. दोन्ही रकान्यांत एकच पत्ता लिहायचा.

घरातला आवाज म्हणजे आईचा पाटा. मिक्सर आला होता, टीव्हीवर अचानक ढीगभर चॅनल आले होते, कोपऱ्यावरच्या दुकानात बाहेरच्या देशांतली चॉकलेटं आली होती, पण जवसाची चटणी पाट्यावरच व्हायची. सकाळी घर्र घर्र सुरू झालं की मला अंथरुणातच कळायचं, आज डब्यात पाटवड्या आणि चटणी. पाटा काळा, जड, मधे खोलगट झालेला, अकोल्याहून ट्रकमध्ये आलेला. बाबा एकदा म्हणाले, नव्या घरात हा कशाला, मॉड्युलर किचन आहे. आई म्हणाली, "मग मलाही इथंच ठेवा."

आणि मी? मला बसवतच नव्हतं कुठे. घरात असले की लायब्ररीत जावंसं वाटायचं, लायब्ररीत बसले की पाय टेबलाखाली नाचायचे. मी तेव्हा पुरातत्त्वात एम.ए. संपवलं होतं आणि माथुर मॅडमच्या लॅबमध्ये त्यांनी थरच्या वाळवंटातून आणलेल्या पोत्यांमधला माल निवडत होते. माल म्हणजे वाळूच्या टेकाडांवर सापडलेलं सगळं. खापरं, गारगोटीच्या नखाएवढ्या धारदार पात्या, मणी, हाडं, आणि, आता बघा, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे! समुद्र तिथून कुठल्या कुठे. मग शंख वाळवंटात आणला कोणी? तांबं आणलं कोणी? पुस्तकांत सगळी कौतुकं चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या शहरांची, पक्क्या विटांची, नाल्यांची. वाळवंटातल्या माणसांचा उल्लेख 'भटके लोक' एवढाच, पुढची ओळ पुन्हा शहराची. मला रागच यायचा. मला वाटायचं की हीच माणसं, शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणारी, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर, याच्या हातून त्याच्या हाती असा तो शंख नेत असणार. ती थांबली असती तर शहरांना दागिने मिळाले नसते. हे एक वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या पद्धतीने लिहीत आले. लोक त्याला करिअर म्हणतात. आता पाठीला पट्टा बांधून टकाटक टाइप करतेय तरी तेच लिहितेय, बघा.

आमच्या कामात एक सवय लागते, ती इथे सांगायलाच हवी. मातीने माखलेला तुकडा हाड आहे की दगड, हे कळत नसेल तर त्याला जीभ लावायची. हाडात बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. हे सगळेच करतात, मॅडमही करायच्या, चहाचा घोट घेता घेता. सुरुवातीला शिसारी येते. नंतर आपण काय करतोय हेही लक्षात येत नाही.

तर त्या वर्षी दोन गोष्टी एकदमच आल्या. गुडगावच्या एका परदेशी कंपनीत मला नोकरी लागली. काचेची बिल्डिंग, एसी, घरून न्यायला-आणायला गाडी. आणि मॅडमनी विचारलं, "वाळवंटात येतेस? पूर्ण सीझनचा सर्व्हे आहे. तुझी पीएचडी त्यातच होईल." कंपनीत जॉइन व्हायचं आणि मॅडमची जीप निघायची, दोन्ही एकाच सोमवारी. घरी मी जीपचं नाव काढलं आणि बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "माझा बाप कापसाच्या सीझनला सरकी काढायच्या एका जिनवरून दुसऱ्या जिनवर कामाला फिरला. डोक्यावर वळकटी. मी किती शाळा बदलल्या मलाच आठवत नाही. एका जागी टेकायला दोन पिढ्या गेल्या आमच्या, बेटा. आणि तू शिकूनसवरून वाळूत फिरणार? तेही फिरणाऱ्यांच्याच मागे?" मी काहीतरी बोलले, ते काहीतरी बोलले, आई म्हणाली "पोळी गार होऊन राहिली." पुढे तो विषय घरात कोणी काढला नाही, पण बाबा शेजाऱ्यांना सांगायला लागले, "लडकी कंपनी में लग गई." लागलेली नसताना.

अशा मूडमध्ये आम्ही त्या रविवारी यमुनेपलीकडे, नोएडातल्या आमच्या खड्ड्यावर गेलो. पाणी उपसायचा पंप धडधडत होता. बिल्डरचा साइटवरचा माणूस, चौहान, लोकांना शिडीवरून खाली नेऊन दाखवत होता की बघा, पाया किती खोल. खन्ना अंकलही होते. रिटायर्ड बँकवाले, उंच, मोठ्या आवाजाचे, आमच्या खालच्या मजल्यावर येणारे, म्हणजे घारीच्या आणखी थोडं खाली. बाकीचे लोक सळया बघत होते आणि मी खड्ड्याची भिंत. माझा इलाजच नाही, कापलेली माती दिसली की मी बघणारच. वर विटांचे तुकडे आणि पॉलिथिन, खाली राखाडी वाळू, मधे बारीक गोगलगायींच्या शिंपल्यांची एक रेघ, आणि वाळूत अर्धं बाहेर आलेलं काहीतरी तपकिरी. मी ते हलवून काढलं, फुंकर मारली, आणि जीभ लावली.

"थुंक!" बाबा ओरडले. "थुंक आधी!"

"बाप्पा! मांजरासारखी काय करतेस!" आई.

आणि मी, काय सांगू, इतकी खूश झाले होते की दोन्ही हात वर करून हिंदीतच ओरडले, "हड्डी है! असली! पुरानी!"

पंपाच्या धडधडीतही ते सगळ्यांना ऐकू गेलं. पहिल्यांदा खन्ना अंकलच्या बायकोने मुलांना मागे ओढलं. मग कोणीतरी म्हणालं, हड्डी? मग कोणीतरी म्हणालं, शमशान होगा. दुसरं कोणी म्हणालं, नहीं जी, कब्रिस्तान, ये सब ज़मीन ऐसे ही सस्ती नहीं मिलती. आमचा डबा तसाच बंद राहिला. परत जाताना शिडीवर एवढी गर्दी झाली की चौहान खालून ओरडत होता, "एक एक करके! एक एक करके!"

तो आठवडा आमच्या घरचा फोन शांत बसला नाही. कोणाचा पंडित म्हणतोय जागा बाधित आहे, कोणाच्या सासूने शपथ घेतली की पाय ठेवणार नाही, निम्मे लोक बुकिंग मागे घेतायत. आम्हा बौद्धांना भुताखेताचं काही नाही, पण भुताला न मानून काय उपयोग? लोक पळाले की काम बंद, काम बंद की खड्डा खड्डाच. बाबा रोज ऑफिसातून आल्यावर बूट न काढताच खुर्चीत बसायचे. "तू हाड चाटलं," एकदा म्हणाले, "आणि माझं घर गेलं." आवाज चढवला असता तर मी भांडले असते. ते नुसतं सांगितल्यासारखं बोलले.

मी ते हाड घेऊन मॅडमकडे पळाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हाड फिरवून बघितलं, जीभ लावली, आणि म्हणाल्या, "सुजाता, ये भैंस मुझसे उमर में छोटी है." म्हशीच्या पायाचं हाड. कडेला खाटकाच्या सुऱ्याचा सरळ काप. नदीने आणून टाकलेलं. "जीभ फक्त काय आहे ते सांगते," मॅडम म्हणाल्या, "कधीचं आहे ते नाही सांगत. तू 'पुरानी' कशावरून ओरडलीस?" हा प्रश्न मी नंतर माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारला आहे, त्याच चिडक्या आवाजात.

घरी येऊन मी उड्या मारत सांगितलं, बाबा, म्हैस आहे, म्हैस! बाबांचा चेहरा जरा उजळला, पण लगेच म्हणाले, "चौहानचा फोन होता. रविवारी सगळ्यांना बोलावलंय. तू तिथं सांग की तो दगड होता."

"दगड नव्हता बाबा."

"म्हैस म्हटलं की लोक म्हणतील लपवून राहिले. दगड म्हण, मामला खतम. आणि सोमवारी कंपनीत जॉइन हो. बस, आणखी मी काही मागत नाही तुला."

आई पाट्यावर मिरच्या वाटत होती. ती वर न बघता म्हणाली, "त्या म्हशीला तरी विचारा, दगड व्हायला तयार आहे का."

रविवारी खड्ड्यात जत्राच होती. मी पिशवीतून लॅबमधली छोटी थापी नेली होती. चौहानने मला पुढे केलं, "मैडम पढ़ी-लिखी हैं, मैडम बताएँगी." बाबा शिडीपाशी उभे, हातात आईची पिशवी. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर काय बोलले असते कोण जाणे. मी सरळ भिंतीकडे वळले आणि थापीने वरून खालपर्यंत एक पट्टा तासायला लागले. चौहान म्हणतोय, दीवार मत छुओ मैडम. पण ओली माती तासली की रंग कसे उमलून येतात! राखाडी, पिवळसर, मग शिंपल्यांची पांढरी रेघ, पुन्हा राखाडी. मागची कुजबुज थांबली. मी म्हटलं, "हड्डी है. भैंस की है. ये देखिए, कसाई के छुरे का निशान." हाड हातोहात फिरलं, खन्ना अंकलनी तर वास घेऊन बघितला. "यहाँ न शमशान था, न कब्रिस्तान. यहाँ नदी थी. ये रेत नदी की है, ये घोंघे नदी के हैं. भैंस कहीं और मरी, नदी यहाँ छोड़ गई."

खड्डाभर सुस्कारा पसरला. चौहान हसायला लागला होता, तेवढ्यात खन्ना अंकल म्हणाले, "तो बेटा, नदी फिर आ सकती है?"

बघा, हा प्रश्न कोणी विचारेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चौहानचं हसू तिथेच थिजलं. आता मात्र मी बाबांकडे बघितलं. ते पिशवीचे बंद मुठीत गुंडाळत होते.

"आ सकती है अंकल," मी म्हटलं. "नदी जगह बदलती है. पहले भी बदली है. कब आएगी, आएगी कि नहीं, वो मुझे नहीं पता."

"अरे पुश्ता बना हुआ है!" चौहान ओरडला. "सरकारी बाँध है!"

आणि खन्ना अंकल खो खो हसायला लागले. "ओ जी, हमारे पिताजी तो पाकिस्तान से आके तंबू में रहे. पानी से लड़ लेंगे. भूत से कौन लड़े!" लोक हसले. कोणाच्या तरी डब्याचं झाकण वाजलं. थापी पुसून पिशवीत टाकताना मला कळलं की संपलं, वाचलं घर.

चौहान मात्र माझ्यावर जाम खवळला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "इतना पढ़ के मिट्टी खुरचनी है मैडम? अब रेगिस्तान भी जाओगी सुना है? वहाँ क्या मिलेगा, रेत?" हे त्याला आईने सांगितलं असणार, दुसरं कोण. मला तर निमित्तच हवं होतं. मी सुरू झाले. शंख, तांबं, मणी, कोणत्या टेकाडावर काय, हात नाचवत नाचवत. आणि सांगितलं की त्या टेकाडांवर दळायचे मोठे पाटे सापडतात, पालथे घातलेले. मॅडमना कितीतरी ठिकाणी असेच सापडले. माणसं शेळ्या घेऊन पुढे जायची, पाटा जड, कोण नेणार? म्हणून उलटा करून ठेवायचे. "मतलब छोड़ के नहीं गए. मतलब वापस आना है. लोग समझते हैं जो चलता रहता है उसका घर नहीं होता. घर होता है जी. बस, घर में हमेशा बैठे नहीं रहते."

खन्ना आंटी पुरी खाता खाता बाबांना म्हणाल्या, "भाईसाब, आप तो बोले थे लड़की कंपनी में लग गई?"

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांच्या त्या ऑफिसच्या हिंदीत, फाइलवर शेरा लिहावा तसं म्हणाले, "नहीं जी. कंपनी का बात गलत था. लडकी कल राजस्थान जा रही है. पुराना लोग माल कैसे इधर से उधर ले जाता था, वो देखने को." आणि चौहानकडे वळून, "रेत नहीं. शंख मिलता है वहाँ."

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली, बाबा शेजारी. आई पुढे बायकांच्या सीटवर बसून खन्ना आंटींनी दिलेलं लोणचं हुंगत होती. पुलावर बस अडकली. खाली यमुना, काळी, आळसावलेली, कोणाचंही काही वाहून आणेल असं वाटू नये इतकी. बाबा नदीकडे बघत म्हणाले, "माझी माय पण पाटा उलटा ठेवायची. जिनच्या सीझनला निघालो की. मी विचारलं होतं, कायले गं? म्हणाली, धूळ बसत नाही. आणि कोणी दार उघडून डोकावलं तर त्याला समजतं, ही माणसं येणार आहेत." बस हलली. मी काही बोलणार, तर लगेच हात वर करून म्हणाले, "हे मला पसंत नाही, सांगून ठेवतो. आजही नाही अन् उद्याही नाही. स्वेटर दोन घे. वाळवंटात थंडी असते म्हणतात."

सोमवारी सकाळी अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मॅडमची जीप गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होती, कुत्री भुंकत होती, मी एक बूट घालून दुसरा शोधत सगळ्या घरात नाचत होते. नेहमीचं घर्र घर्र काही येत नव्हतं. आणि मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"अहो! हा पाटा कोणी पालथा घातला? पोरीला चटणी द्यायची आहे, वाटू कशावर?"

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. पेपर जरासुद्धा खाली आला नाही.

"राहू दे तसाच," ते पेपरामागून म्हणाले. "ती आली की सरळ कर."